आधी नाचघर, मग कायदा

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी ॲम्स्टरडॅमच्या कालव्यांतून समलिंगी समाजाची ‘प्राइड’ मिरवणूक सजवलेल्या बोटींतून निघते. काठावर, पुलांवर, घरांच्या पायऱ्यांवर लाखो माणसं उभी असतात आणि हॉटेलांचे दर आभाळाला भिडतात. जगभरच्या गे पर्यटकांना या शहराची ओढ का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: डच लोक मुळातच मोकळ्या मनाचे. हे उत्तर मला कधीच पटलं नाही. याच देशात १७३० साली पुरुषांमधल्या संबंधांवरून खटल्यांची लाट आली आणि कित्येकांना मृत्युदंड झाला. तेव्हाही डचच होते ते.

कायदा बदलला तो बाहेरून. नेपोलियनने नेदरलँड्स फ्रान्सला जोडून टाकलं आणि १८११ मध्ये तिथे फ्रेंच दंडसंहिता लागू झाली. तिच्यात प्रौढांच्या राजीखुशीच्या संबंधांना गुन्हा मानलेलं नव्हतं. नेपोलियन गेला तरी ही सूट राहिली. आपल्याकडे इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं ३७७ कलम २०१८ पर्यंत मानगुटीवर बसलं होतं. डचांच्या वाट्याला वेगळा परका राज्यकर्ता आला, म्हणून त्यांची सुरुवात वेगळी झाली.

पण १९११ साली धार्मिक पक्षांच्या सरकारने २४८ बिस नावाचं कलम आणलं. स्त्री-पुरुष संबंधांना वयाची अट सोळा, समलिंगी संबंधांना एकवीस. कागदावर हे अल्पवयीनांचं संरक्षण. प्रत्यक्षात पोलिसांच्या हाती नजर ठेवायला, नावं टिपून ठेवायला मिळालेलं निमित्त. ॲम्स्टरडॅमची गे रात्र या कलमाच्या सावलीत वाढली.

तिचा सगळ्यात प्रसिद्ध पत्ता म्हणजे बंदराजवळच्या झेडाइक गल्लीतलं ६३ नंबरचं ‘काफे ट मांडये’. बेट फान बेरेन या बाईने ते १९२७ मध्ये चालवायला घेतलं. बेट उघडपणे लेस्बियन होती, मोटारसायकल उडवायची आणि टाय घालून आलेल्या गिऱ्हाइकाचा टाय कापून छताला टांगायची. खलाशी, वेश्या, गे पुरुष, लेस्बियन बायका, मजा बघायला आलेले सभ्य गृहस्थ, सगळ्यांना तिथे जागा होती. मात्र चुंबन घ्यायला सक्त मनाई. जोडीने नाचायचं तर राणीच्या वाढदिवसाची, म्हणजे राणी दिनाच्या सणाची, वाट बघायची. बेटचं मन कोतं होतं म्हणून हा नियम नव्हता. परवाना गेला तर दुकान बंद, आणि दुकान बंद झालं तर ही सगळी माणसं रस्त्यावर, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. १९६७ मध्ये ती गेली तेव्हा तिचं पार्थिव बारमधल्याच बिलियर्डच्या टेबलावर अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं.

मध्ये युद्ध आलं. १९४० मध्ये जर्मनांनी देश ताब्यात घेतला आणि पुरुषांमधले संबंध पुन्हा गुन्हा ठरले. या काळातलं एक नाव सांगायलाच हवं: विलेम आरोंदेयस. चित्रकार, लेखक आणि गे. ज्यूंना हुडकायला वापरली जाणारी नोंदणी-कार्डं नष्ट व्हावीत म्हणून मार्च १९४३ मध्ये ॲम्स्टरडॅमचं लोकसंख्या नोंदणी कार्यालय पेटवणाऱ्या गटात तो पुढे होता. जुलैत त्याला गोळ्या घातल्या. समलिंगी माणसं भेकड नसतात हे लोकांना सांगा, असा निरोप तो ठेवून गेला. त्याच्या गे असण्याबद्दल देशाने पुढची कित्येक वर्षं मौनच बाळगलं.

खरी कलाटणी युद्धानंतरची, आणि ती आली नाचाच्या तालावर. डिसेंबर १९४६ मध्ये काही जणांनी ‘शेक्सपियर क्लब’ असं निरुपद्रवी नाव घेऊन संघटना काढली. १९४९ मध्ये तिचं नाव सीओसी झालं. ही अक्षरं डच भाषेतल्या ‘संस्कृती आणि विरंगुळा केंद्रा’ची. व्याख्यानं असायची, मासिक निघायचं, पण माणसं जमायची ती मुख्यतः नाचायला. अनेक सभासद टोपणनाव लावत. संस्थापकांपैकी नीक एंगेल्समान स्वतः बॉब अँजेलो या नावाने वावरत. बंद दारामागे, सभासदांपुरतं चाललं तर पोलीस काणाडोळा करत. पुढे सीओसीचं ‘डे स्खाकेल’ आणि त्याच्या स्पर्धेतलं ‘डॉक’ अशी दोन मोठी नाचघरं गाजू लागली.

शेजारच्या देशांकडे बघितलं की पर्यटनाचं कोडं सुटतं. इंग्लंडात १९६७ पर्यंत आणि पश्चिम जर्मनीत १९६९ पर्यंत पुरुषांमधले संबंध गुन्हाच होते. लंडन किंवा कोलोनच्या माणसाला एका रात्रीच्या प्रवासावर असं शहर होतं, जिथे पुरुषाने पुरुषाबरोबर नाचलं तरी कुणी बेड्या घालत नव्हतं. जाहिरातीची गरजच नव्हती. वार्मूसस्ट्राट या रस्त्याच्या परिसरात चामड्याचे कपडे घालून येणाऱ्यांचे बार १९५० च्या दशकातच सुरू झाले, तेही याच गिऱ्हाइकांवर.

कायदा मागून आला. सीओसीचे तेव्हाचे अध्यक्ष बेनो प्रेमसेला १९६४ मध्ये चेहरा न लपवता टीव्हीवर बोलले, जानेवारी १९६९ मध्ये हेगला संसदेच्या आवारात तरुणांनी निदर्शनं केली आणि १९७१ मध्ये २४८ बिस रद्द झालं. बायकांनी १९७८ मध्ये योर्दान वस्तीत ‘सारेन’ हा स्वतःचा कॅफे थाटला. पुढची वीसेक वर्षं तिथे पुरुषांना प्रवेश नव्हता, आणि गे पुरुषांच्या गर्दीत बायका कशा हरवत होत्या हे पाहिलं तर त्यात नवल नाही. रेखुलिर्सद्वार्सस्ट्राट या अरुंद गल्लीत १९८० च्या दशकात मोठ्या काचांचे बार आले. आत कोण बसलंय हे रस्त्यावरून दिसू लागलं, हा बदल माझ्या मते कुठल्याही कलमाइतकाच मोठा.

मग एड्स आला. याच काळात, सप्टेंबर १९८७ मध्ये, वेस्टरकेर्क चर्चशेजारी कारीन दान यांनी घडवलेलं होमोमोन्युमेंट उभं राहिलं: गुलाबी ग्रॅनाइटचे तीन त्रिकोण, त्यातला एक पायऱ्या उतरून थेट कालव्याच्या पाण्यात शिरणारा. नाझी छळछावणीत गे कैद्यांच्या अंगावर शिवलेल्या गुलाबी त्रिकोणाचीच ही आठवण. राणीच्या वाढदिवसाला आता या स्मारकापाशीच नाच रंगू लागला.

बोटींची मिरवणूक १९९६ ची. तिचं श्रेय चळवळीइतकंच बारमालक-व्यापाऱ्यांना जातं. १९९८ मध्ये इथेच भरणाऱ्या ‘गे गेम्स’ या क्रीडा स्पर्धेआधी शहराचं नाव गाजवायचं होतं. १ एप्रिल २००१ च्या मध्यरात्री महापौर योब कोहेन यांनी चार जोडप्यांची लग्नं लावली, आणि समलिंगी विवाहाला पूर्ण मान्यता देणारा नेदरलँड्स हा पहिला देश ठरला.

त्यानंतरची कथा सरळ नाही. २००५ च्या राणी दिनी एका अमेरिकी गे पत्रकाराला भर रस्त्यात मारहाण झाली आणि शहर हादरलं. २०१० मध्ये रेखुलिर्सद्वार्सस्ट्राटमधले मोठे बार एकाच मालकाच्या आर्थिक पडझडीत पटापट बंद पडले. गल्लीला सावरायला वेळ लागला. ॲपवर भेटीगाठी होऊ लागल्या, जागांची भाडी वाढली, वार्मूसस्ट्राटमधला जुना ‘आर्गोस’ बार २०१५ मध्ये बंद झाला.

आणि ज्या पाहुण्यांवर हे सगळं वाढलं, तेच आता नगरपालिकेला डोईजड झालेत. २०२३ मध्ये तिने दारू-ड्रग्जसाठी येणाऱ्या तरुण ब्रिटिश पुरुषांना ‘लांब राहा’ असं जाहिरात करून बजावलं. त्याच शहराने २०२६ च्या ‘वर्ल्डप्राइड’ या जागतिक प्राइड उत्सवाचं यजमानपद मात्र हौसेने मागून घेतलं.