बारावीनंतर थेट अमेरिकेत: पदवीच्या पहिल्या वर्षाच्या अर्जाबद्दल पालकांसाठी माहिती

आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या बहुतेक घरांच्या ओळखीत कोणीतरी अमेरिकेत एमएस केलेलं असतं. आत्येभाऊ, शेजारचा दादा, सोसायटीतली ताई. त्यामुळे इथली इंजिनिअरिंगची डिग्री, मग जीआरई परीक्षा, मग एमएस हा रस्ता पाठ असतो. बारावीनंतर थेट पदवीला जाण्याचा रस्ता मात्र वेगळा आहे. एमएसचा अर्ज मुख्यतः तो विभाग वाचतो. पदवीचा अर्ज विद्यापीठाचं प्रवेश कार्यालय वाचतं आणि नववी ते बारावी ही चारही वर्षं एकत्र पाहतं. मुख्य विषय कोणता, हे बऱ्याच विद्यापीठांत प्रवेशानंतरही ठरवता येतं. म्हणून आधी वर्षभर इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात बसून मग पाहू, असं करू नका. बहुतेक ठिकाणी तो विद्यार्थी मग पहिल्या वर्षाचा धरला जात नाही, बदली विद्यार्थी, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून येणारा, होतो.

अर्ज वाचणाऱ्याने तुमची शाळा पाहिलेली नसते. राज्य मंडळाचा विद्यार्थी कुठे कमी पडत नाही, पण त्याची शाळा, त्याचे गुण, त्याचं घर हे सगळं त्या माणसाला समजेल असं मांडावं लागतं. आमच्या कामाचा मोठा भाग तोच आहे.

गुणपत्रिका आणि नाव

आपल्याकडे नववी आणि अकरावीला कोणी मोजत नाही. जेईई-सीईटीची मुलं अकरावीची परीक्षा उरकतात, कित्येकांनी ती गुणपत्रिका कॉलेजातून घेतलेलीही नसते. अमेरिकन अर्जात ती लागते. शाळा एकीकडे आणि ज्युनिअर कॉलेज दुसरीकडे, त्यामुळे दोन्ही ठिकाणी हेलपाटे होतात. बारावी सुरू झाली की लगेच या कामाला लागा.

टक्क्यांचं जीपीए, म्हणजे अमेरिकन पद्धतीची गुणांची सरासरी, करू नका. कॉमन ॲप या सामाईक अर्जात शंभरपैकी गुण तसेच लिहिता येतात. राज्य मंडळाचे ८२ टक्के म्हणजे नेमकं काय, हे कॉलेजने पाठवायच्या एका पानावरून कळतं. त्याला स्कूल प्रोफाइल म्हणतात. वर्गात मुलं किती, मंडळ कोणतं, विषय कोणते घेता येतात, गेल्या वर्षी ९० टक्क्यांच्या वर किती जण गेले, एवढं त्यात असतं. आपल्या बऱ्याच कॉलेजांकडे असं पान तयार नसतं. नमुना आम्ही देतो, आकडे कॉलेजने भरायचे.

नावाचं पाहा. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव येतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. अर्ज, परीक्षा, बँकेचा दाखला, सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा. गुणपत्रिकेवर स्पेलिंग वेगळं असेल तर मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज लवकर करा, त्याला वेळ लागतो.

शिफारसपत्रं

सर्वांत जास्त अडचण इथे येते. अनेक खाजगी विद्यापीठं दोन शिक्षकांची पत्रं आणि शाळेच्या समुपदेशकाचा अहवाल मागतात. आपल्या ज्युनिअर कॉलेजात समुपदेशक हे पद सहसा नसतंच. ती जबाबदारी प्राचार्य किंवा उपप्राचार्य घेऊ शकतात. एका विद्यार्थ्याला त्याच्या कॉलेजातल्या सरांनी सांगितलं, "तूच टाइप करून आण, सही देतो." त्या सरांना त्रास द्यायचा नव्हता, त्यांना खरोखर वेळ नव्हता. पण विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेलं पत्र शिक्षकाचं म्हणून पाठवणं ही फसवणूक आहे. उघडकीस आली तर मिळालेला प्रवेशही जातो. अशा कामात आम्ही मदत करत नाही.

त्याऐवजी विद्यार्थ्याने शिक्षकांना एक पान लिहून द्यावं: तुमच्या तासाला मला काय कळलं, कोणता प्रयोग फसला, मी कोणता प्रश्न विचारला होता. मग शिक्षकांनी आपल्या शब्दांत लिहावं. इंग्रजी लिहायला अवघड जात असेल तर मराठीतलं मूळ पत्र आणि सोबत इंग्रजी भाषांतर बऱ्याच ठिकाणी चालतं. त्या त्या विद्यापीठाची अट आम्ही आधी पाहून सांगतो. इंटिग्रेटेड कोचिंगमुळे कॉलेजात फारसं न गेलेल्या मुलांना ओळखणारे शिक्षक मिळणं कठीण जातं. मूल अजून दहावीत असेल तर ज्युनिअर कॉलेज निवडताना याचा विचार करा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज वेगळा असतो. त्याच्या नऊ कॅम्पसना एकाच अर्जातून अर्ज करता येतो, शिफारसपत्रं सहसा लागत नाहीत आणि सॅट ही प्रवेश परीक्षा पाहिलीच जात नाही. उलट एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्ड, डार्टमथ यांनी २०२४ मध्ये प्रवेश परीक्षेची अट परत आणली.

मुलगी घरी काय करते?

कॉमन ॲपमध्ये अभ्यासाबाहेरच्या दहा गोष्टी लिहिता येतात, प्रत्येकीच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरं. पालक प्रमाणपत्रांची फाइल घेऊन येतात. एका मुलीच्या फाइलीत चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा होत्या, वक्तृत्वाची पदकं होती. बोलता बोलता कळलं की वडिलांच्या गुऱ्हाळाचा हिशेब आठवीपासून तीच ठेवते: किती ऊस आला, किती ढेपा निघाल्या, मजुरांचे पैसे. "हे काय लिहायचं?" असं तिच्या आईने विचारलं. हेच लिहायचं, पहिल्या ओळीत. त्या यादीत घरच्या जबाबदाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रकार आहे. आजीची शुश्रूषा, धाकट्या भावंडांचा अभ्यास, दुकानावर बसणं, हे सगळं त्यात येतं.

निबंध ६५० शब्दांपर्यंत असतो. तो मुलांनीच लिहायचा. आम्ही वाचतो, प्रश्न विचारतो, वाक्यं लिहून देत नाही. एआयकडून लिहून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमांनुसार फसवणूक ठरतं.

तारखा

अमेरिकेत महिना आधी लिहितात. ११/०१ म्हणजे १ नोव्हेंबर, ११ जानेवारी नव्हे. या एका गोष्टीमुळे अर्ज हुकू शकतो. कॉमन ॲप १ ऑगस्टला सुरू होतं. लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या आसपास असते, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. लवकरच्या फेरीत अर्ली डिसिजन हा प्रकार बंधनकारक आहे: एकाच विद्यापीठाला करायचा आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं. त्यावर पालकांचीही सही लागते, म्हणून खर्चाची आकडेमोड केल्याशिवाय सही करू नका. अर्ली ॲक्शन या लवकरच्या फेरीच्या दुसऱ्या प्रकारात असं बंधन नसतं.

नेहमीच्या फेरीचे निकाल मार्चअखेरपर्यंत येतात आणि साधारण १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. बारावीचा निकाल तेव्हा अनेकदा लागलेला नसतो. म्हणजे प्रवेश इथल्या ज्युनिअर कॉलेजने दिलेल्या अपेक्षित गुणांवर मिळतो आणि अंतिम निकाल नंतर पाठवायचा असतो. प्रवेश मिळाला म्हणून बारावीकडे दुर्लक्ष केलं तर तो रद्दही होऊ शकतो.

पैसा

इथे आम्ही स्पष्ट बोलतो. मोठ्या खाजगी विद्यापीठांचा एका वर्षाचा सगळा खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जातो, आणि पदवी चार वर्षांची आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी ठिकाणं परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना पैशांची ऐपत पाहत नाहीत आणि गरजेइतकी मदतही देतात. तिथे प्रवेश मिळणं अतिशय अवघड आहे. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता कमी होते. म्हणून काही पालक मदत नको असं लिहून नंतर मागायचं ठरवतात. तसं करू नका. परदेशी विद्यार्थ्याने सुरुवातीला मागितली नाही तर अनेक विद्यापीठं पुढची चारही वर्षं मदत देत नाहीत.

मदतीसाठी अनेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल हा घरच्या आर्थिक स्थितीचा अर्ज भरावा लागतो. शेतीच्या घरात आयकर विवरणपत्र नसलं तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अडतीच्या पट्ट्या भाषांतरासह जोडता येतात.

प्रवेशानंतर व्हिसासाठी विद्यापीठाकडून लागणारं आय-ट्वेंटी हे प्रमाणपत्र मिळवायला पहिल्या वर्षाचा पैसा दाखवावा लागतो. तिथे सातबारा, प्लॉट, सोनं सहसा धरत नाहीत. खात्यातली शिल्लक, मुदत ठेव किंवा बँकेचं कर्जमंजुरी पत्र लागतं. त्यानंतर ३५० डॉलरचं सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचं) शुल्क, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज आणि मुलाखत.

आमच्याकडे येण्याआधी

अमेरिकन सरकारची एज्युकेशन यूएसए ही सल्लासेवा मोफत आहे आणि तिचं केंद्र मुंबईतही आहे. आधी तिथे विचारा. बऱ्याच घरांना तेवढंच पुरतं. आम्ही कोणत्याही विद्यापीठाकडून कमिशन घेत नाही, आणि प्रवेशाची हमी देत नाही.

पहिल्या भेटीला पासपोर्ट, नववीपासूनच्या मिळतील तेवढ्या गुणपत्रिका आणि वर्षाला घरातून किती पैसे देता येतील याचा खरा आकडा घेऊन या. प्रमाणपत्रांची फाइल नंतर पाहू. मुलाला किंवा मुलीला नक्की सोबत आणा, आणि पहिला अर्धा तास आम्हाला त्यांच्याशी एकट्याने बोलू द्या.