एमआरआय नॉर्मल, म्हणजे आजी नाटक करते?
इंदूरच्या मराठी घरांत, रामबागेपासून सुदामानगरापर्यंत, हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: 'एमआरआय नॉर्मल आलाय, म्हणजे आजीला दिसणारी माणसं हे नाटक, नाहीतर बाहेरची बाधा.' दोन्ही चूक. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो: आकसलेला भाग, जुना झटका, गाठ, साकळलेलं रक्त. भास त्यात उमटत नाहीत. उलट लेवी बॉडी डिमेन्शियात (मेंदूच्या पेशींत एका प्रथिनाच्या गुठळ्या साचून होणारा स्मृतिभ्रंश), जिथे पलंगाच्या कडेला बसलेली मुलं अगदी स्पष्ट दिसतात, तिथे आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस अल्झायमरच्या मानाने बराच शाबूत असतो, म्हणून एमआरआय जवळपास नॉर्मल दिसू शकतो. एफडीजी पेट स्कॅनमध्ये (मेंदू कुठे किती साखर वापरतो हे दाखवणारी तपासणी) मात्र मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागात साखरेचा वापर घटलेला दिसू शकतो. निदानाला तो आधार झाला, भासाचा फोटो नव्हे.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना फाइलसोबत एक वही न्या: काय दिसलं, किती वाजता, खोलीत उजेड किती होता, झोपेत हातपाय झाडतात का. भास एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाले असतील तर आधी लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम, बद्धकोष्ठता आणि नवी औषधं तपासून घ्या. आणि जुन्या चिठ्ठीवरून हॅलोपेरिडॉल (भास दाबायला दिलं जाणारं मानसोपचाराचं औषध) अजिबात देऊ नका. लेवी बॉडीत त्याने अंग ताठ होतं, गिळता येत नाही, जीवही जाऊ शकतो.