घरात लढाईवरून आणलेली वस्तू आहे? पुण्यात अर्ज कुठे आणि कसा करायचा

६५ किंवा ७१ च्या युद्धावरून परतलेल्या जवानाच्या ट्रंकेत काडतुसाची पितळी पुंगळी, शत्रूचं हेल्मेट, एखादा बिल्ला असं काहीतरी निघतंच. ती ठेवायची, दान करायची किंवा परदेशी पाठवायची असेल, तर जवान हयात असताना अर्ज त्यांनीच करायचा, नाहीतर कायदेशीर वारसांनी. कोणत्या कार्यालयात, हे वस्तूवर ठरतं.

पुंगळी असेल तर बुडाशी मधोमध जी टिकली असते ती बघा. तिच्यावर पिनचा खड्डा आणि वरचं तोंड उघडं असेल तर ती झाडलेली. गोळी जागेवर असेल तर खड्डा असूनही जिवंतच समजा, आणि विनापरवाना एक जिवंत काडतूस बाळगणं हासुद्धा गुन्हाच. बॉम्बगोळा किंवा ग्रेनेड असेल तर ब्रासो लावून घासत बसू नका. हात न लावता ११२ ला कळवा.

पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला शस्त्र अधिनियम १९५९ लागतो. वडिलांच्या परवान्यावर त्या शस्त्राची नोंद असेल तरच वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो. वय किमान २१ हवं. सोबत मृत्यू दाखला, मूळ परवाना, इतर वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र, ओळख-पत्ता-वयाचे पुरावे, फोटो आणि शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला. पुणे शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे, पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. परवान्यावर नोंदच नसेल तर ‘वडिलांनी लढाईत मिळवलं’ हे कारण चालत नाही. शत्रूकडून हाती आलेलं शस्त्र सरकारचं. आधी वकिलाशी बोला, मग पोलीस ठाण्याला कळवा. स्कूटरच्या डिकीत घालून चौकीवर नेण्याचं धाडस मात्र करू नका, त्यांनाच घरी येऊ द्या. जमा केल्याची पावती घ्याच.

बिल्ल्यावर शत्रूसैनिकाचं नाव-नंबर असेल, किंवा पाकिटात पत्र, फोटो असतील, तर माझ्या मते ते शोकेसमध्ये ठेवू नये. १९४९ च्या जिनिव्हा करारांप्रमाणे मृत सैनिकाची अशी चीजवस्तू त्याच्या घरच्यांपर्यंत जायला हवी. फोटो जोडून आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या दिल्ली कार्यालयाला लिहा.

बाकी निरुपद्रवी वस्तू दान करायची असेल तर घोरपडीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, खडकीला बॉम्बे सॅपर्सचं (लष्कराच्या इंजिनिअर दलाचं) संग्रहालय आहे, आणि जवान मराठा लाइट इन्फंट्रीचे असतील तर बेळगावचं रेजिमेंटल सेंटर. साध्या कागदावर अर्ज, डिस्चार्ज बुकची (सेवामुक्तीच्या पुस्तिकेची) प्रत, माजी सैनिक ओळखपत्र किंवा पीपीओ (पेन्शनचा आदेश), वस्तूचे चारी बाजूंचे फोटो, वारसांची संमती. कागदपत्रं हरवली असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं एक पान लोक जोडतच नाहीत: वस्तू कुठे, कधी, कशी मिळाली याची हकिगत. डिसेंबर १९७१ मध्ये आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला, जिथे जंगी पलटण (मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन) लढली, शरण येण्याच्या निरोपाला पाकिस्तानी कर्नलने चिठ्ठीत गोळी गुंडाळून उत्तर धाडलं. हकिगत काढून टाकली तर ती गोळी शेकडो गोळ्यांसारखीच. म्हणून जवान हयात आहेत तोवर त्यांच्या तोंडून ऐकून तारीख-ठिकाणासह लिहून घ्या, खाली सही घ्या.

वस्तू परदेशातल्या नातवाला पाठवायची असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. पहिल्या महायुद्धातल्या वस्तूंनी शंभरी ओलांडली. त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यानंतरच्या वस्तूबद्दल शंका निघू शकते, म्हणून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधीच काढा. आणि पुंगळी रिकामी असली तरी लोहगावला विमानाच्या सामानात नको.