खांदे भरून येऊ नयेत म्हणून: कयाकचं वल्हं निवडताना

कयाक (दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) घेताना लोक रंग, बसायची जागा, किंमत सगळं पाहतात आणि वल्हं मात्र जे मिळेल ते उचलतात. आमचं मत उलट आहे. पैसे मोजकेच असतील तर कयाक साधी घ्या, वल्हं चांगलं घ्या.

कारण साधं आहे. आरामात वल्हवतानाही मिनिटाला सुमारे ५० वेळा पातं पाण्यात जातं, म्हणजे तासाला ३,००० वेळा. अॅल्युमिनियमचा दांडा आणि प्लास्टिकची पाती असलेलं वल्हं साधारण १ ते १.२ किलोचं असतं, फायबरग्लासचं ८०० ते ९०० ग्रॅम, कार्बनचं ६०० ते ७५० ग्रॅम. ३०० ग्रॅमचा फरक धरला, तरी तासाभरात ९०० किलो जास्तीचं वजन खांद्यांनी हलवलेलं असतं.

त्यातही वजन कुठे आहे, हे एकूण आकड्याइतकंच महत्त्वाचं. जड पाती दांड्याच्या टोकांना असतात आणि प्रत्येक वेळी ती उचलायची, फिरवायची, थांबवायची असतात. वल्हं मधोमध एका मुठीत धरून मनगटाने डावी-उजवीकडे हलवून पाहा. एकाच वजनाच्या दोन वल्ह्यांतला फरक लगेच कळतो.

लांबी कयाकच्या रुंदीवर आणि तुमच्या उंचीवर ठरते. ६० सेंमी रुंदीची कयाक आणि मध्यम उंची असेल तर २१० ते २२० सेंमी पुरते. ७५ ते ८० सेंमी रुंदीच्या सिट-ऑन-टॉपला, म्हणजे आत न शिरता वर बसायच्या कयाकला, २३० ते २४० लागते. खात्री पाण्यातच होते: पातं पूर्ण बुडावं, दांडा कोरडा राहावा. बोटं कयाकच्या काठावर आपटत असतील तर वल्हं आखूड आहे. दांडाही बुडत असेल तर बहुधा लांब आहे.

मोठं पातं म्हणजे जास्त वेग, हा समज सोडा. मोठ्या पात्याने घाट जड गिअरवर चढल्यासारखं होतं. अर्ध्या तासात कोपरं बोलू लागतात. हलक्या अंगाच्या माणसाला ६०० चौरस सेंमीच्या आसपासचं पातं बरं. पात्याच्या मधोमध उभा कणा असेल तर पाणी दोन्ही बाजूंनी सारखं निसटतं आणि वल्हं हातात थरथरत नाही. ही थरथर आवरायला मूठ आवळावी लागते, आणि मनगट दुखतं ते बऱ्याचदा त्यामुळे. अंगठा आणि तर्जनीच्या वेढ्यात दांडा सैल ठेवा, जोर कमरेतून फिरून लावा.

मुंबईच्या किनाऱ्यावर दुपारी खारे वारे जोर धरतात. परतताना ते समोरून आले तर हवेतलं पातं शिडासारखं अडवतं. अशा वेळी दोन पाती एकमेकांशी ३० ते ४५ अंशांनी फिरवून ठेवावीत, म्हणजे वरचं पातं वारा कापतं. मात्र यात एका हाताचं मनगट प्रत्येक फेरीला वळतं. मनगट आधीच दुखरं असेल तर कोन शून्यावरच ठेवा. म्हणून दांड्याच्या मधल्या सांध्यावर कोन बदलता येणारं वल्हंच घ्या.

तो सांधा खाऱ्या पाण्याने आणि वाळूने अडकतो. प्रत्येक वेळी घरी येऊन दोन्ही भाग सोडवा, गोड्या पाण्याने धुवा, वाळवा आणि सुटेच ठेवा. तेल, ग्रीस लावू नका, वाळू त्याला चिकटून बसते.

दुकानात येताना आपली उंची आणि बसायच्या जागेपाशी कयाकची रुंदी सेंमीमध्ये मोजून आणा.