बेरोजगारी घटली, मग माणसं कुठे गेली?

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतला बेरोजगारीचा दर १४.७ टक्क्यांवर गेला होता. जुलै २०२२ मध्ये तो ३.५ टक्क्यांवर आला, म्हणजे टाळेबंदीआधी होता तिथेच. तरीही मालकांची ओरड थांबेना: माणसं मिळत नाहीत. मार्च २०२२ मध्ये तर रिकाम्या जागा सुमारे १.२ कोटी आणि बेरोजगार साधारण ६० लाख!

गोम 'बेरोजगार' या शब्दात आहे. हातात काम नाही एवढ्यावर तिथलं सरकार कुणाला बेरोजगार धरत नाही. मागच्या चार आठवड्यांत त्यानं काम शोधलेलं असावं लागतं आणि मिळालं तर करायची तयारीही लागते. जो शोधतच नाही, तो 'श्रमशक्तीबाहेर'. बेरोजगारीच्या दरात तो दिसत नाही.

समजा, ९० जण कामावर आणि १० जण शोधात आहेत. दर १० टक्के. शोधणाऱ्यांपैकी पाच जण कंटाळून घरी बसले, की दर थेट सव्वापाचच्या आसपास. नोकरी मात्र एकालाही लागलेली नाही.

शोधाच्या अटीतून एक सूट आहे: 'परत बोलावू' असं सांगून घरी पाठवलेले कामगार. एप्रिल २०२० मधल्या २.३१ कोटी बेरोजगारांपैकी तब्बल १.८१ कोटी हेच होते. दुकानं उघडली तसे त्यातले बरेच जण परतले, म्हणून दर झपाट्यानं उतरला. रेंगाळले ते दुसरे, काम शोधणंच सोडलेले. कुणी लवकर निवृत्ती घेतली, कुणाच्या मुलांची शाळा बंद, कुणाला संसर्गाची धास्ती. त्यांचा माग लागतो तो सहभाग दरात, म्हणजे सोळा वर्षांवरच्या लोकांपैकी काम करणारे आणि शोधणारे मिळून किती यात. टाळेबंदीआधी तो ६३ टक्क्यांच्या वर होता, एप्रिल २०२० मध्ये ६० च्या आसपास घसरला आणि जुलै २०२२ मध्येही ६२ च्याच घरात होता.

वाद मात्र रंगला बेकारभत्त्यावर: तो मिळतो म्हणूनच लोक कामावर येत नाहीत का? आठवड्याला मिळणारे जादा ३०० डॉलर बऱ्याच राज्यांनी सप्टेंबर २०२१ ची मुदत संपण्याआधीच बंद केले. पण पेन्शन घेऊन घरी बसलेल्याला भत्ता थांबला काय, चालू राहिला काय, सारखंच.

२०२३ च्या सुरुवातीला २५ ते ५४ वयोगटाचा सहभाग दर ८३ टक्क्यांवर, जुन्या पातळीला पोचला. एकूण दर तरीही ६३ च्या खालीच होता, कारण पंचावन्नच्या पुढचे कित्येक जण परतलेच नव्हते.