प्रसूतीनंतरचा स्तनकर्करोग

प्रसूतीनंतरच्या पाच ते दहा वर्षांत तरुण स्त्रीला होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाला ही संज्ञा वापरतात. पूर्वी गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर वर्षभरात आढळणारे सगळे कर्करोग एकाच गटात धरले जात. हे दोन आजार निराळे असल्याने जुनी व्याख्या सोडून द्यावी, अशी मांडणी बेल्जियन कर्करोगतज्ज्ञ फ्रेडरिक आमांट व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये केली. गरोदरपणात सापडलेल्या कर्करोगात वय आणि रोगाचा टप्पा सारखा असेल, तर उपचारांचे फळ इतर रुग्णांइतकेच मिळते. बाळंतपणानंतरचा कर्करोग मात्र शरीरात इतरत्र पसरण्याची शक्यता जास्त असते.

मुले झालेल्या स्त्रियांना एकूण स्तनाचा कर्करोग कमी होतो, हे जुने निरीक्षण आहे. मूल नसलेल्या, मठातल्या ख्रिस्ती जोगिणींमध्ये तो अधिक दिसतो, अशी नोंद इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी केली होती. ते खरेच आहे, पण हे संरक्षण लगेच मिळत नाही. उलट प्रसूतीनंतर काही वर्षे धोका वाढतो, हे १९९४ मध्ये स्वीडनमधील नोंदींवरून पुढे आले. २०१९ मध्ये १५ अभ्यासांतील सुमारे ८ लाख ९० हजार स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. प्रसूतीनंतर साधारण पाच वर्षांनी धोका सर्वाधिक, म्हणजे मूल न झालेल्या स्त्रियांच्या सुमारे १.८ पट, असल्याचे आढळले. तो त्यांच्याहून कमी व्हायला जवळजवळ २४ वर्षे लागली. पहिले मूल उशिरा झाले असेल किंवा घराण्यात हा आजार असेल, तर वाढ जास्त होती. ‘१.८ पट’ हा आकडा मथळ्यात भयंकर दिसतो. प्रत्यक्षात ४१ ते ४५ वयोगटात दर लाख स्त्रियांमागे सुमारे ४१ रुग्ण जास्त, एवढाच त्याचा अर्थ.

धोका का वाढतो, याचे एक उत्तर बाळाचे दूध सुटल्यानंतरच्या काळात सापडते. दूध तयार करणाऱ्या पेशी तेव्हा मोठ्या संख्येने मरतात, भक्षक पेशी तो भाग साफ करतात, कोलॅजेन या आधार देणाऱ्या प्रथिनाची नव्याने रचना होते आणि स्तन पूर्वस्थितीकडे येतो. जखम भरतानाही शरीर असेच वागते. पेपर शेडिन आणि व्हर्जिनिया बोर्जेस या अमेरिकी संशोधकांच्या गटाने या स्थितीतल्या उंदरांच्या स्तनग्रंथीत मानवी कर्करोगपेशी सोडल्या, तेव्हा गाठी मोठ्या झाल्या आणि आजूबाजूला घुसल्या. उंदरांमध्ये दाहशामक औषधांनी हे काही प्रमाणात थोपवता आले, पण म्हणून बाळंतिणींनी अशा गोळ्या घ्याव्यात असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. दूध लवकर तोडावे, असाही नाही. ३० देशांतील ४७ अभ्यासांच्या २००२ मधील विश्लेषणानुसार अंगावर पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे स्तनकर्करोगाचा सापेक्ष धोका ४.३ टक्क्यांनी घटतो.

खरी अडचण निदानाची. पाजणाऱ्या बाईच्या छातीला गाठ लागली की दूध साठले असेल, असे घरचे म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. तुंबलेली नलिका, दुधाची पुटी, गळू, साधी ग्रंथिगाठ ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. म्हणूनच उरलेली थोडी प्रकरणे शेकण्यात, कोबीची पाने बांधण्यात आणि प्रतिजैविकांचे कोर्स बदलण्यात महिनोन्‌महिने अंगावर काढली जातात. दाहक कर्करोग तर लाली, सूज आणि गरमपणामुळे हुबेहूब स्तनदाहासारखा दिसतो. दोन आठवड्यांत न विरणारी गाठ, औषधाने न ओसरणारी लाली, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झालेली त्वचा, नव्याने आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा काखेतली गाठ दिसली, तर सोनोग्राफी करावी आणि संशय असल्यास सुईने बायॉप्सी. त्यासाठी दूध बंद करावे लागत नाही. बायॉप्सीच्या जागेतून दूध झिरपत राहणे क्वचितच घडते. गरज पडल्यास मॅमोग्राफीही करता येते. आधी बाळाला पाजून घेतले तर चित्र अधिक स्पष्ट येते.

सरसकट तपासणी मोहिमांचा तरुण वयात फारसा आधार नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. विशी-तिशीतल्या बाईची गाठ बहुधा तिला स्वतःलाच, आंघोळ करताना किंवा बाळाला पाजताना लागते.

शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार आणि संप्रेरकांचा (हॉर्मोन्सचा) परिणाम रोखणाऱ्या गोळ्या हे उपचार इतरांसारखेच असतात. केमोथेरपी आणि या गोळ्या चालू असताना बाळाला पाजता येत नाही. घराण्यात कोणाला आजार नसला तरी तरुण रुग्णाची बीआरसीए ही, आनुवंशिक धोका दाखवणारी जनुकचाचणी करून घेणे योग्य. पुढचे मूल हवे असल्यास तो विषय केमोथेरपीपूर्वीच काढावा, कारण तिचा बीजांडकोशांवर परिणाम होतो. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या कर्करोगात १८ ते ३० महिने गोळ्या घेऊन मग गरोदरपणासाठी दोन वर्षांपर्यंत त्या थांबवल्या, तर पहिल्या तीन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण वाढत नाही, असे पाचशेहून अधिक स्त्रियांवरच्या ‘पॉझिटिव्ह’ नावाच्या वैद्यकीय अभ्यासात २०२३ मध्ये दिसले. त्यापुढील वर्षांसाठी त्यांचा पाठपुरावा चालू आहे.