खाडीच्या पाण्याच्या बाटलीवर भरती-ओहोटीची वेळ का लिहावी? (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या प्रयोगशाळेत खाडीचे पाणी तपासायला आणणारे बहुतेक ग्राहक ते पाणी आमच्यापेक्षा जास्त ओळखतात. कोळंबी तलावांचे मालक, तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवे विकणाऱ्या बचत गटांच्या भगिनी, पर्यटकांना कयाकमधून कांदळवन दाखवणारे तरुण आणि खाडीकाठच्या ग्रामपंचायतींचे कर्मचारी या सर्वांचा दिवस खाडीवरच जातो. त्यामुळे खाडी म्हणजे काय हे सांगण्यासाठी हे पत्रक काढलेले नाही. "मासे तडफडताना आम्ही डोळ्यांनी पाहिले, मग तुमच्या अहवालात सगळे ठीक कसे?" हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा विचारला जातो की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून हातात द्यावे, असे वाटले. हे उत्तर बहुतेक वेळा बाटलीला चिकटवलेल्या चिठ्ठीत असते, कारण त्या चिठ्ठीवर गावाचे नाव आणि तारीख असते, पण पाणी किती वाजता भरले आणि तेव्हा भरती होती की ओहोटी, हे लिहिलेले नसते.

एकाच धक्क्यावरची दोन पाणी

विहिरीचे पाणी सकाळी भरले काय आणि दुपारी भरले काय, फारसा फरक पडत नाही. खाडीचे तसे नाही. आपल्या किनाऱ्यावर सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. म्हणजे एकाच जेटीच्या एकाच पायरीवर उभे राहून सहा तासांच्या अंतराने दोन बाटल्या भरल्या, तर पहिल्या बाटलीत समुद्राकडून आत आलेले पाणी असेल आणि दुसरीत वरच्या अंगाने, म्हणजे गावांच्या, गटारांच्या, शेतांच्या आणि कारखान्यांच्या बाजूने उतरलेले पाणी असेल. या दोन्ही बाटल्यांवर आपण एकच नाव लिहितो, पण तपासणीच्या दृष्टीने ती दोन वेगळी पाणी आहेत.

एका कोळंबी उत्पादकाचा अनुभव त्यांच्या परवानगीने येथे देतो. मार्च महिन्यात पौर्णिमेच्या पहाटे त्यांच्या बांधाबाहेर खाडीत बोय आणि शेंगाळे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडीत होते. त्यांनी आमच्याकडच्याच बाटल्या वापरल्या, बर्फाची पेटी आणली, ऑक्सिजन मोजण्यासाठी बाटलीत घालायची औषधे मापाने घातली, असे सारे नियम पाळले. मात्र घरची कामे आटोपून पाणी भरेपर्यंत अकरा वाजले होते आणि भरती पूर्ण होत आली होती. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५.६ मिलिग्रॅम निघाला, जो खाडीसाठी चांगला म्हणावा असाच आहे. ते नाराज झाले आणि आमच्या कामावर शंका घेऊन गेले. त्याच अहवालात खारेपणा दर हजारी ३१ भाग होता. समुद्राच्या पाण्याचा खारेपणा साधारण ३५ असतो, हे लक्षात घेतले की बाटलीत जवळजवळ समुद्रच भरून आला होता, हे उघड होते. पंधरा दिवसांनी अमावास्येच्या पहाटे, ओहोटी संपता संपता, त्याच जागी आमच्या माणसाने त्यांच्यासोबत उभे राहून पाणी भरले. तेव्हा खारेपणा १२ आणि ऑक्सिजन १.९ आला. पहिला अहवालही खरा होता. तो फक्त दुसऱ्या पाण्याचा होता.

म्हणूनच ग्राहकाने मागितला नसला तरी खाडीच्या प्रत्येक नमुन्याचा खारेपणा आम्ही मोजतो आणि त्याचे शुल्क अहवालात दाखवतो. काही जणांना हा जादा खर्च वाटतो. परंतु हा एक आकडा नसेल, तर बाकीचे सर्व आकडे कोणत्या पाण्याचे आहेत हे आम्हालाही सांगता येत नाही, आणि असा अहवाल देणे आम्हाला योग्य वाटत नाही.

वेळ कशी ठरवावी

आधी आपला प्रश्न ठरवावा, म्हणजे वेळ आपोआप ठरते. तलावात घ्यायचे पाणी चांगले आहे का, हे पाहायचे असेल तर आपण ज्या भरतीला पंप चालू करता किंवा उघाडी (बांधातले पाण्याचे दार) उघडता, त्याच भरतीचे पाणी आणावे. वरच्या अंगाने काही सोडले जात असल्याची शंका असेल तर ओहोटीचा शेवटचा तास, म्हणजे सुकतीची वेळ साधावी. पर्यटक पाण्यात उतरत असतील तर ते ज्या वेळी उतरतात, तीच वेळ घ्यावी.

मासे मरत असतील तर उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीची पहाट सोडू नये. रात्री शेवाळे आणि सूक्ष्म वनस्पती ऑक्सिजन तयार करीत नाहीत, उलट इतर जिवांसारखा तो वापरतात, त्यामुळे चोवीस तासांतला सर्वांत कमी ऑक्सिजन उजाडण्यापूर्वी असतो. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी पहाटे सहाच्या आसपास येते, म्हणजे वरून उतरलेले पाणी आणि रात्रीची ऑक्सिजनची तूट या दोन्हींची एकाच तासाला गाठ पडते. अष्टमीला मात्र भांगाची (लहान) भरती असते आणि तीही पहाटेच, म्हणून त्या पहाटेचे पाणी पुष्कळदा बरे निघते.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा जुना हिशेब घराघरांत माहीत आहे आणि आम्हीही तोच वापरतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब खाडीच्या तोंडाचा आहे, आणि तेथेही थोडे मागेपुढे होते. जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते, त्यामुळे आतल्या गावांनी घड्याळापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवावा. जेटीच्या खांबाकडे पाहावे. पाण्याच्या रेषेच्या वर खांबाला ओला, चकाकणारा पट्टा दिसला तर पाणी उतरत आहे. पाण्याच्या लगेच वर खांब कोरडा आणि कालवांची कवचे पांढुरकी दिसली तर पाणी चढत आहे. नांगरलेल्या होडीची नाळही (पुढचे टोक) नेहमी प्रवाहाकडे तोंड करते, म्हणजे ती समुद्राकडे असेल तर भरती चालू आहे. एवढे पाहून चिठ्ठीवर "भरती चालू" किंवा "ओहोटी चालू", घड्याळातील वेळ, तिथी आणि आदल्या दिवशी पाऊस झाला का, या चार गोष्टी लिहाव्यात. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी, कारण बर्फाच्या पाण्याने शाई पसरते.

वाशिष्ठीच्या काठच्या ग्राहकांसाठी आणखी एक सूचना आहे. कोयनेच्या वीजनिर्मितीचे अवजल (वीज तयार झाल्यावर सोडलेले पाणी) या नदीत येत असल्यामुळे ऐन उन्हाळ्यातही दाभोळ खाडीच्या आतल्या भागाचा खारेपणा वीजनिर्मिती किती चालू आहे यावर बदलतो. तेथे केवळ तिथी पाहून दोन महिन्यांच्या अहवालांची तुलना करू नये.

बाटली आणि बर्फ

याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण आता बहुतेकांना हे जमते. शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या जुन्या बाटलीत आणलेला नमुना आम्ही जिवाणूंच्या तपासणीसाठी घेत नाही. निर्जंतुक बाटल्या आमच्याकडून विनामूल्य मिळतात. बाटली पृष्ठभागाखाली सुमारे एक फूट, तोंड प्रवाहाकडे करून भरावी आणि झाकणाच्या आतल्या बाजूस बोट लावू नये. कोलिफॉर्मचा (विष्ठेच्या प्रदूषणाची खूण असणाऱ्या जिवाणूंचा) नमुना बर्फात ठेवून सहा तासांच्या आत आमच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. कोळंबी उत्पादकांनी व्हिब्रिओच्या (कोळंबीत रोग आणणाऱ्या जिवाणूंच्या) हिरव्या-पिवळ्या वसाहती मोजण्यासाठी आणलेली बाटली मात्र बर्फाला थेट टेकवू नये, कारण अति थंडीने हे जिवाणू दगावतात आणि आकडा खोटाच कमी येतो. बाटलीभोवती जाड फडके गुंडाळावे.

ऑक्सिजनची बाटली जागेवरच पक्की करावी लागते, म्हणजे औषधे घालून पाण्यातला ऑक्सिजन तेथेच धरून ठेवावा लागतो. ही पद्धत हंगेरीचे रसायनतज्ज्ञ लायोश विंक्लर यांनी १८८८ साली दिली आणि आजही तिच्याइतकी भरवशाची दुसरी पद्धत आमच्या पाहण्यात नाही. काचेच्या बाटलीत बुडबुडा न राहू देता पाणी भरावे, दिलेल्या दोन औषधांची प्रत्येकी एक नळी पाण्याच्या आत टोक बुडवून सोडावी, बूच लावावे आणि बाटली उलटसुलट करावी. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका (गाळ) तयार होऊन नाचणीच्या आंबिलासारखा सावकाश खाली बसतो. साका पांढराच राहिला तर त्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही, हे आपल्याला तेथेच, अहवालाची वाट न पाहता कळते. असे झाले तर आम्हाला लगेच फोन करावा.

वारंवार विचारले जाणारे इतर काही

"सीओडी का करीत नाही?" सीओडी म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन. खाडीच्या पाण्यातील क्लोराइड या तपासणीत ढवळाढवळ करते. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम असते, तर नेहमीच्या पद्धतीत २,००० मिलिग्रॅमपर्यंतच ते दाबून ठेवता येते. त्यामुळे खाऱ्या पाण्याची सीओडी करून मोठा आकडा देणे सोपे आहे, पण तो आकडा प्रदूषणाचा नसून मिठाचा असतो. आम्ही त्याऐवजी बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणू वापरतात त्या ऑक्सिजनची तपासणी सुचवतो.

"मर्यादा किती?" केंद्रीय निकषांनुसार आंघोळ, जलक्रीडा आणि व्यावसायिक मासेमारीसाठीच्या किनारी पाण्यात ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, बीओडी ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० मिलिलिटरला १०० पर्यंत असावेत. शंख-शिंपल्यांच्या शेतीसाठी ऑक्सिजनची किमान मर्यादा ५ आहे. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी की २८ अंश तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन पूर्ण भरला तरी तो सुमारे साडेसहाच्या पलीकडे फारसा जात नाही. गोड्या पाण्याच्या तक्त्याशी तुलना करून घाबरू नये. तिसऱ्या आणि कालवे दिवसभर पाणी गाळून खातात आणि पाण्यातले जिवाणू अंगात साठवतात, म्हणून विक्री करणाऱ्या गटांनी केवळ पाण्यावर न थांबता वर्षातून काही वेळा मांसाचीही तपासणी करून घ्यावी, अशी आमची मनापासून विनंती आहे. खाणाऱ्यांच्या तब्येतीचा हा प्रश्न आहे.

"पहिल्या पावसानंतर पाणी लाल झाले, काय सोडले असेल?" बहुतेक वेळा ती जांभ्याची माती असते. चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येणे हेही कांदळवनात स्वाभाविक आहे. पावसाळ्यात मात्र गोडे पाणी वर आणि खारे पाणी खाली असे थर होतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर वरचा आणि तळाजवळचा असे दोन नमुने घ्यावेत. तळाचे पाणी घेण्याचे उपकरण आमच्याकडून अनामत ठेवून नेता येते.

"हा अहवाल कारखान्याविरुद्ध चालेल का?" सांडपाण्याचा कायदेशीर नमुना १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ नुसार प्रदूषण नियंत्रण मंडळानेच, ठरलेल्या रीतीने घ्यावा लागतो. आपण आणलेल्या बाटलीला ते स्थान नाही. मात्र सहा महिने, त्याच जागी, भरती आणि ओहोटी या दोन्हींच्या नोंदींसह ठेवलेले अहवाल तक्रारीला जोडले, तर मंडळाच्या अधिकाऱ्यांना कोणत्या दिवशी आणि कोणत्या तासाला यावे, हे नेमके सांगता येते. एकट्यादुकट्या अहवालापेक्षा अशा मालिकेचा उपयोग जास्त होतो, असा आमचा अनुभव आहे. त्यासाठी महिन्याला चार नमुन्यांचा संच (उधाणाची भरती व ओहोटी, भांगाची भरती व ओहोटी) सुट्या नमुन्यांपेक्षा कमी दरात ठेवला आहे. शेजारच्या तलावांनी मिळून घेतल्यास खर्च वाटला जातो, आणि खाडी एकच असल्यामुळे आकडेही सर्वांच्या कामी येतात.

"अहवाल उद्या मिळेल का?" मिळणार नाही. बीओडीची बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवावी लागते आणि कोलिफॉर्मच्या नळ्या आधी दोन दिवस, मग खात्रीसाठी आणखी एक दिवस. या वेळा कमी करता येत नाहीत आणि आम्ही त्या कमी करून दाखवणार नाही. ऑक्सिजन, सामू (पीएच), खारेपणा आणि अमोनिया यांचे आकडे मात्र त्याच संध्याकाळी फोनवर कळवले जातात.

कोलिफॉर्मचे नमुने सोमवार ते बुधवार दुपारी दोनपर्यंत स्वीकारले जातात. फक्त बीओडी असेल तर शुक्रवार आणि शनिवारही चालतो. गुरुवारची बीओडी रविवारी उघडावी लागते, म्हणून ती घेतली जात नाही. अमावास्या किंवा पौर्णिमा या दिवसांबाहेर पडत असेल तर दोन दिवस आधी कळवावे, त्या दिवशी प्रयोगशाळा उघडी ठेवण्याची व्यवस्था केली जाईल.